तांदळात लिहिलेलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा मान पुढे काढून ते सगळ्यात आधी वाचणारी मीच होते. मग पेढे वाटले, सासूबाईंनी त्या नावाने पहिली हाक मारली आणि कळव्याच्या त्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या बायका डोळे पुसत हसलो. सासरी तिला आजही त्याच नावाने हाक मारतात. तिलाही ते आवडतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याच नावापायी तिला नवऱ्याकडे परदेशी जायला सात महिने थांबावं लागलं.

मेहुणे फौजेत क्लार्क आहेत. परदेशातल्या आपल्या अनेक दूतावासांत संरक्षण शाखा असते. तिथे कर्नल-ब्रिगेडियर दर्जाचे अधिकारी जातात हे लोकांना माहीत असतं. त्यांच्या हाताखाली फायली, टपाल, हिशेब सांभाळायला जवानही जातात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. जवानाच्या सबंध नोकरीत अशी नेमणूक आली तर एकदाच येते आणि बायकामुलांना बरोबर नेता येतं. ज्या घरात बाप सुट्टीपुरता दिसतो, त्या घराला सलग दोन-तीन वर्षं एका छपराखाली मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बहिणीने भाड्याच्या घराच्या मालकांना कळवून टाकलं, मुलीचा शाळेचा दाखला काढला. आणि पासपोर्टचे कागद परत आले. नवऱ्याच्या नोकरीच्या नोंदीत पत्नीचं नाव एक. आधार कार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं.

फौजेत लग्न झालं, मूल झालं, घरातलं कुणी गेलं, की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. युनिटातून निघालेली ती नोंद रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिथेच कायमची राहते. क्वार्टर, दवाखान्याचं कार्ड, रेल्वेचं वॉरंट म्हणजे सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद, उद्या वेळ आली तर पेन्शन, सगळं त्या एका ओळीवर चालतं. लग्नाची सुट्टी संपवून मेहुणे परत गेले तेव्हा त्यांना बायकोचं नाव विचारलं गेलं. नव्या नवऱ्याने कौतुकाने तांदळातलं नाव सांगितलं. लग्नपत्रिका जोडली, गावच्या सरपंचांचा दाखला जोडला, त्यावरही तेच. बायकोचा स्वतःचा एखादा कागद, तिचा दहावीचा दाखला, तिचं आधार, काही आहे का, हे कुणी विचारलं नाही. अकरा वर्षं कुणाचं काही अडलंही नाही. ती ओळ चुकीची आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी हातात फक्त सहा आठवडे होते.

मग सुरू झालं ते. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र. राजपत्रात नावाची जाहिरात. ती घेऊन युनिटात अर्ज, युनिटातून रेकॉर्ड ऑफिस, तिथून एक शिक्का राहिला म्हणून परत युनिट. मेहुणे ठरल्या तारखेला एकटे गेले. मुलीचं नाव शाळेतून काढलेलं, ते पुन्हा घालण्यासाठी बहीण मुख्याध्यापिकांच्या दारात बसून राहिली. घरमालकांनी दुसरा भाडेकरू बघून ठेवला होता. त्यांना थांबवायला आमच्या भावाला जावं लागलं. रात्री व्हिडिओ कॉलवर ती हसून बोलायची आणि फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायची, “ताई, मी कोण आहे ते मला सिद्ध करायला लावतायत गं.”

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात तीस वर्षं काम केलं. नावांचे घोळ निस्तरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. त्यामुळे मी हे रागाने लिहीत नाही. त्या सात महिन्यांत भेटलेला प्रत्येक माणूस आपापल्या जागी नियमानेच वागत होता. चूक रीतीत आहे. सैनिकाच्या बायकोची ओळख आपण नवऱ्याच्या कागदावरून काढतो. ती उलट्या दिशेने जायला हवी: आधी तिचे स्वतःचे कागद, आणि त्यांच्यावरून त्याच्या नोकरीतली नोंद. आणि ही जुळणी परदेशाची ऑर्डर हातात पडल्यावर नव्हे, लग्नाच्या पहिल्या वर्षातच व्हावी. त्यासाठी हाताशी असलेलं सगळ्यात सोपं साधन म्हणजे तिचा स्वतःचा, साधा, निळा पासपोर्ट.

निळा म्हणते, कारण पासपोर्ट तीन तऱ्हेचे असतात आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात साधा, अधिकृत आणि राजनैतिक असे तीन वर्ग आहेत. सर्वसामान्य नागरिकाचा निळा, सरकारी कामावर जाणाऱ्याचा पांढरा, राजनैतिक दर्जाच्या माणसाचा मरून. दूतावासात नेमलेल्या जवानाला पांढरा मिळतो, आणि बरोबर जाणाऱ्या बायकामुलांनाही. त्याला शुल्क पडत नाही. पण तो हाती असेपर्यंत निळा पासपोर्ट, असेल तर, सरकारकडे जमा ठेवावा लागतो. ‘सेफ कस्टडी’चा दाखला म्हणतात तो त्याचाच. कामगिरी संपली की पांढरा परत करायचा. म्हणजे पांढरा पासपोर्ट हा नेमणुकीचा आहे. नवऱ्याची नेमणूक संपली की त्याच्याबरोबर तिचाही संपतो. निळा तिचा. दहा वर्षं तिचा, नवरा कुठेही असो.

आता फौजी कुटुंबांत सर्रास ऐकू येणारं एक वाक्य सांगते: “युनिटाच्या परवानगीशिवाय बायकोला पासपोर्ट काढता येत नाही.” माझ्या बहिणीनेही अकरा वर्षं हेच धरून ठेवलं होतं. सैनिक स्वतः सरकारी नोकर आहे, त्याला त्याच्या खात्याला कळवावं लागतं, हे बरोबरच आहे. पण त्याची बायको सरकारी नोकर नाही. ती शेजारच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या बाईसारखीच साधी नागरिक आहे आणि त्याच अर्जावर, त्याच पंधराशे रुपयांत ती पासपोर्ट मागू शकते. खात्याकडून ओळखीचा दाखला मिळाला तर काम हलकं होतं, हेही खरं. त्या दाखल्याच्या नमुन्यात अवलंबित कुटुंबीयांची नावं घालायची सोय आहे, आणि सही करणारा अधिकारी लिहून देतो की कायद्याच्या कलम ६(२) मधली नकाराची कारणं या अर्जदाराला लागू होत नाहीत. पण ही सवलत आहे, परवानगी नव्हे. हा फरक आपल्या घराघरांत पोचलेला नाही, आणि त्याची किंमत बायका मोजतात.

नवऱ्याच्या सहीचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत जाऊन आला. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात असं प्रकरण आलं की घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या एका स्त्रीकडे पासपोर्टसाठी नवऱ्याची सही मागितली गेली होती. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी स्वच्छ सांगितलं की लग्न झालं म्हणून स्त्रीचं स्वतंत्र अस्तित्व संपत नाही, आणि पासपोर्टसाठी तिला नवऱ्याच्या परवानगीची किंवा सहीची गरज नाही. हा विचार काही अचानक उगवलेला नाही. मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ मध्ये ताब्यात घेतला गेला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २५ जानेवारी १९७८ रोजी दिलेला निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि तो अडवायचा तर अडवण्याची रीतही न्याय्य असली पाहिजे. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र खात्याने लग्नाचा दाखला जोडायची अट काढून टाकली आणि घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. म्हणजे पासपोर्ट खात्याने बाईला बाई म्हणून ओळखायला केव्हाच सुरुवात केली आहे. मागे राहिल्या आहेत त्या नोकरीतल्या नोंदी.

बहिणीचा निळा पासपोर्ट आम्ही त्याच काळात काढला, हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं म्हणून. वागळे इस्टेटमधलं सेवा केंद्र. सकाळी कळव्याहून रिक्षाने निघालो. बाहेर झेरॉक्सच्या टपऱ्यांवर “फॉर्म भरून मिळेल”चे फलक, आत टोकन. ए खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांचं स्कॅनिंग. बी खिडकीवरच्या अधिकारी बाईंनी दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने जुळवलं. सी खिडकीवर मंजुरी. दीड तासात आम्ही बाहेर. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांनी गेल्या वर्षभरातले पत्ते विचारले. तिचा एकच होता, हे नशीब. क्वार्टर, सासर, माहेर असं फिरणाऱ्या फौजी बाईचे तीन असतात. पुस्तिका हातात आली तेव्हा तिने पहिलं पान उघडून आपलं नाव मोठ्याने वाचलं. तेच, शाळेतलं, आईवडिलांनी ठेवलेलं. नंतर रेकॉर्ड ऑफिसातला कागद सुधारताना याच पुस्तिकेची प्रत सगळ्यात जास्त उपयोगी पडली. अकरा वर्षांपूर्वी ही पुस्तिका असती तर पार्ट टू ऑर्डर तिच्यावरूनच लिहिली गेली असती.

नावांचा घोळ म्हटलं की लोकांना वाटतं, हा अडाणीपणा. तसं नाही. आपली नावं लिहिण्याची पद्धतच वेगळी आहे आणि ती सगळ्या देशाच्या साच्यात बसत नाही. मराठी माणसाचं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. बाईचं लग्न झालं की मधलं बदलतं, आडनाव बदलतं आणि तांदळात लिहिलं तर पहिलंही बदलतं. एका दुपारी तिची तिन्ही पदं नवी. त्यात पासपोर्टच्या अर्जात मधल्या नावाला वेगळी जागा नाही; ‘दिलेलं नाव’ आणि आडनाव, एवढ्या दोनच चौकटी. कुणी नवऱ्याचं नाव पहिल्या चौकटीत घालतं, कुणी गाळतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव घालायचा नियम आपल्या राज्याने केला. मला तो मनापासून पटतो. पण सैनिकाच्या नोंदीत त्या आईचं नाव चुकीचं असेल तर आता लेकराचा कागदही चुकणार.

आणि अक्षरं. युनिटातला क्लार्क बिहारचा, राजस्थानचा, कुठलाही असतो. ज्ञानदा हे नाव आपल्या शाळेत इंग्रजीत डी-एन-वाय असं सुरू होतं. हिंदी मुलखातला माणूस ते ‘ग्यानदा’ असं ऐकतो आणि जी-वाय असं लिहितो. तो त्याच्या परीने बरोबरच लिहितो. ‘ळ’ तर त्याच्या कानाला वेगळा लागतच नाही, मग कळव्याचा कलवा होतो. मुलाखतीला, दवाखान्याला, रेशनला हे चालून जातं. पासपोर्टला एक अक्षर चालत नाही, आणि चालूही नये. म्हणूनच नाव कानाने ऐकून लिहिण्याची वेळच येऊ नये. समोर कागद ठेवून लिहावं.

यावर मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली: अशा बायका आहेतच किती? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताचे आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक लोक गेले, पण त्या तुकड्यांबरोबर कुटुंब जात नाही. भूतानमध्ये १९६२ पासून आपलं लष्करी प्रशिक्षण पथक आहे, तिथे जायला भारतीयाला मतदार ओळखपत्रही पुरतं. उरले दूतावास आणि परदेशातले लांब मुदतीचे अभ्यासक्रम. आकडा लहानच आहे, मी मान्य करते. पण नावाची चूक काही परदेशी जाणाऱ्यापुरती नसते. तीच ओळ उद्या फॅमिली पेन्शनच्या अर्जात उघडी पडते, तेव्हा ती बाई एकटी असते, आणि नाव सांगायला नवरा नसतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी फौजी आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, नवऱ्याच्या माघारी किती खेपा घातल्या ते. पासपोर्ट हा या चुकीचा वेळेवर झालेला तपास आहे. परदेश नशिबात असो वा नसो, तो तपास प्रत्येकीचा व्हावा. आणि शांतिसेनेतला जवान दूरच्या रुग्णालयात गंभीर असल्याचा निरोप आला, आणि बायकोला निघायचं असलं, तर तेव्हा अर्ज भरायला बसायचं का?

दुसरी गोष्ट सुरक्षेची. सैनिकाच्या घरात कोण आहे, कोण कुठे जातं, हे फौजेला ठाऊक असलंच पाहिजे, यावर माझा वाद नाही. फौजीच्या घरात वाढलेली आमच्यातली लहान मुलंही बाबांची पोस्टिंग बाहेर सांगत नाहीत. पण सुरक्षेचंच बोलायचं तर नोकरीच्या नोंदीत एका नावाची बाई आणि देशाच्या सगळ्या कागदांवर दुसऱ्या नावाची, यापेक्षा मोठी ढिलाई कोणती? खरं नाव नोंदवणं हीच सुरक्षेची पहिली पायरी आहे. बायकोने पासपोर्ट काढला की नवऱ्याने युनिटाला कळवावं, प्रत द्यावी. कळवणं आणि परवानगी मागणं यांतला फरक मात्र राखला जावा.

अमेरिकेचं उदाहरण मुद्दाम घेते, कारण त्यांचे सैनिक जर्मनी, जपान, दक्षिण कोरियात वर्षानुवर्षं कुटुंबासह राहतात. तिथेही सरकारी आदेशावर जाणाऱ्या बायकोला शुल्काविना मिळणारा वेगळा पासपोर्ट असतो आणि तो त्या कामगिरीपुरताच. म्हणून तिथल्या कुटुंबांना सांगितलं जातं की सुट्टीत फिरायला, शेजारच्या देशात जायला, स्वतःचा साधा पासपोर्टही काढून ठेवा. त्यांच्याकडेही अडचणी आहेत, तिथेही बायकोला ‘अवलंबित’च म्हणतात. पण ‘कामगिरीचा वेगळा, तुझा वेगळा’ ही गोष्ट तिथे आधीच कानावर घातली जाते. आपल्याकडे ती ठेच लागल्यावर कळते.

मी मागते आहे ते फार नाही. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघण्याआधी बायकोचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला आणि आधार पाहिल्याशिवाय नाव चढवू नये. सरपंचाचं पत्र आणि लग्नपत्रिका तेवढ्याला पुरेशी समजू नये. महानगरपालिकेत विवाह नोंदणी करताना नवरा सैन्यात आहे असं दिसलं तर त्याच खिडकीवर एक छापील कागद हातात द्यावा: बायकोचं नाव नोकरीत कसं नोंदवायचं, पासपोर्ट कसा काढायचा. १९९८ च्या राज्याच्या कायद्याने विवाह नोंदणी होते, तिथे भटजींची आणि तीन साक्षीदारांची सही आपण घेतोच, एक कागद देणं जड नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्यात आहे. तिथे वर्षातून एकदा फौजी कुटुंबांच्या कागदांची जुळणी करायचा दिवस ठेवता येईल, आणि परराष्ट्र खात्याने ज्या फिरत्या पासपोर्ट गाड्या सुरू केल्या आहेत त्यातली एक त्या दिवशी दारात उभी करता येईल. कळवा, दिवा, डोंबिवली, ऐरोली, घणसोली: इथे साताऱ्या-सांगली-कोल्हापूरकडची किती फौजी घरं मुलांच्या शाळेसाठी भाड्याने राहतात! नवरा सीमेवर, सासर गावी, आणि बाई इथे एकटीने सगळं रेटते. तिला नवऱ्याच्या जिल्ह्याच्या गावी खेपा घालायला लावू नयेत.

आणि घरच्यांसाठीही एक. तांदळातलं नाव मला प्रिय आहे. माझ्याही लग्नात लिहिलं होतं. ते नाव देवघरात, स्वयंपाकघरात, सासूच्या तोंडी राहू दे. पण ते कागदावर चढवायचं असेल तर पहिल्याच महिन्यात सगळ्या कागदांवर चढवा, नाहीतर कुठल्याच चढवू नका. निम्म्यावर बाई लटकते.

गेल्या मे महिन्यात खारेगावात नात्यातलं लग्न होतं. मुलगा फौजेत, सुट्टीवर आलेला. ताट आलं, तांदूळ पसरले, त्याने अंगठीने सावकाश चार अक्षरं लिहिली. पंगतीत मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. जेवण होऊ दिलं, आणि विचारलं, “युनिटात नाव काय सांगणार?” तो क्षणभर गोंधळला. बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “माझं आधार पर्समध्ये आहे.” त्याने हात धुतले, फोन काढला आणि तिथेच, पंगतीच्या टेबलावर कार्ड ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढून घेतला.